कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेत बिअर विकल्याने प्रेक्षक वाढतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही अमेरिकेतील एका विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहात आणि एका मध्यम आकाराच्या कॉन्फरन्सच्या, म्हणजे एकमेकांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, कार्यालयात इंटर्नशिप करत आहात. त्या कॉन्फरन्सच्या मार्चमधील बास्केटबॉल स्पर्धेत पहिले दोन दिवस अरिना, म्हणजे बंदिस्त क्रीडागृह, अर्ध्याहून अधिक रिकामी राहते. पुढच्या वर्षापासून सुइटमधल्या, म्हणजे महागड्या खासगी कक्षांतल्या, पाहुण्यांप्रमाणेच सर्वसाधारण प्रेक्षकांनाही बिअर आणि वाइन विकण्याचा प्रस्ताव आहे, आणि या विक्रीमुळे प्रेक्षकसंख्या किती टक्क्यांनी वाढेल, हा आकडा अहवालात लिहिण्याचे काम तुमच्याकडे आले आहे. मी बरीच वर्षे मिडवेस्टमधल्या अरिनांमध्ये तिकीटविक्री आणि सामन्याच्या दिवशीचे संचालन अशी दोन्ही कामे केली आहेत, त्यामुळे उत्तर आधी देते आणि कारणे नंतर सांगते. तिकीटविक्रीतील वाढीचा अंदाज म्हणून शून्य लिहा. बिअरविक्रीचा प्रस्ताव तरीही योग्य ठरू शकतो, परंतु त्याचे समर्थन वेगळ्या कारणांवर उभे करावे लागेल.

तुम्हाला विचारलेल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. पहिला प्रश्न असा, की जो माणूस आज घरी बसणार होता तो बिअर मिळते म्हणून तिकीट काढून येईल का. दुसरा असा, की ज्याने तिकीट काढलेच आहे तो किती वाजता आत येतो, सामना सुरू होताना खुर्चीत असतो का, आणि आपला संघ हरल्यावर किंवा जिंकल्यावर त्याच सत्रातील दुसरा सामना पाहायला थांबतो का. टीव्हीच्या कॅमेऱ्याला दोन्ही परिस्थितींत रिकाम्या खुर्च्या सारख्याच दिसतात, म्हणून बैठकीत त्यांची एकत्र चर्चा होते. जेवणाचा बेत चांगला आहे म्हणून कोणी अनोळखी माणसाच्या लग्नाला जात नाही. आलेले पाहुणे अक्षता पडताच निघतात की पंगतीला थांबतात, हे मात्र बेतावर बरेच अवलंबून असते. माझ्या अनुभवात बिअरचा परिणाम जवळजवळ पूर्णपणे या दुसऱ्या प्रकारचा असतो.

पहिल्या प्रश्नाबाबत राष्ट्रीय स्पर्धेचा इतिहास पुरेसा बोलका आहे. अमेरिकेतील कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या राष्ट्रीय संस्थेने आपल्या अजिंक्यपद स्पर्धांत सर्वसाधारण प्रेक्षकांना मद्य विकण्यास अनेक वर्षे मनाई केली होती. 2016 साली ओमाहा येथील बेसबॉलच्या आणि ओक्लाहोमा सिटी येथील सॉफ्टबॉलच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये प्रायोगिक विक्री झाली, पुढे तो प्रयोग वाढवण्यात आला, आणि 2018 मध्ये ही मुभा सर्वच अजिंक्यपद स्पर्धांना देण्यात आली. त्यामुळे पुरुषांच्या बास्केटबॉलच्या फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांत, साध्या तिकिटावर आलेल्या माणसाला बिअर विकत घेता आली ती प्रथम 2019 साली, मिनियापोलिस येथे. आता आकडे पाहा. पुरुषांच्या फायनल फोरच्या उपस्थितीचा उच्चांक 2014 मधला, टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या एटी अँड टी स्टेडियममधला आहे. उपांत्य फेरीच्या त्या रात्री 79,444 प्रेक्षक होते आणि त्यांतील सर्वसाधारण प्रेक्षकांना बिअरचा एक ग्लासही विकला गेला नव्हता. मिनियापोलिसच्या बिअरविक्रीच्या पहिल्या वर्षी उपांत्य फेरीला 72,711 प्रेक्षक होते. यावरून बिअरमुळे प्रेक्षक कमी झाले असा निष्कर्ष कोणी काढला तर तो हास्यास्पद ठरेल, कारण दोन्ही वेळी अरिना भरलेलीच होती आणि फरक इमारतीच्या आकाराचा होता. परंतु हाच तर्क उलट दिशेने, म्हणजे बिअरमुळे प्रेक्षक वाढतात असे दाखवण्यासाठी वापरला जातो, तेव्हा तो बैठकांमध्ये सहज खपून जातो. अहवाल लिहिताना याबाबत सावध राहा.

महिलांच्या स्पर्धेचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. 2024 मध्ये क्लीव्हलँडला आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांच्यात झालेल्या अंतिम सामन्याची तिकिटे मिळवण्यासाठी लोकांनी जी धडपड केली, ती आयोवाची लोकप्रिय खेळाडू केटलिन क्लार्क हिचा शेवटचा कॉलेज सामना आणि साउथ कॅरोलायनाचा अपराजित हंगाम पाहण्यासाठी होती. तो सामना अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सरासरी 1 कोटी 80 लाखांहून अधिक लोकांनी पाहिला आणि त्या वर्षीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्याने मागे टाकले. त्या हंगामात आयोवाचा संघ जिथे जाईल तिथली अरिना भरत होती. कोण खेळत आहे, हा प्रेक्षकसंख्येचा पहिला घटक आहे, आणि त्याच्या तुलनेत बाकीचे सगळे घटक बरेच मागे येतात.

दुसरा घटक अंतर आणि वेळ हा आहे. राष्ट्रीय स्पर्धेत कोणता संघ कोणत्या शहरात खेळणार हे निवडीच्या रविवारी कळते आणि मुख्य फेरीचे सामने गुरुवारी सुरू होतात. म्हणजे चाहत्याला रजा, विमान आणि हॉटेल यांची सोय चार दिवसांत करावी लागते. हे ओळखूनच पुरुषांच्या स्पर्धेत 2002 पासून अशी रचना आली, की वरच्या मानांकनाच्या संघांना सुरुवातीच्या फेऱ्या शक्यतो घराजवळच्या शहरात खेळता याव्यात. महिलांच्या स्पर्धेत तर 2015 पासून पहिल्या 16 मानांकित संघांना पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच कॅम्पसवर खेळवता येतात, कारण तटस्थ शहरांतील रिकाम्या अरिनांचा प्रश्न त्याशिवाय सुटत नव्हता. प्रेक्षकसंख्येची अडचण ज्यांनी खरोखर गांभीर्याने घेतली, त्यांनी सामन्याची जागा बदलली, ही गोष्ट तुमच्या समितीने लक्षात घेण्यासारखी आहे.

तुमच्या कॉन्फरन्सची स्पर्धा याहून अवघड स्थितीत आहे. पहिल्या दोन दिवशी तळाच्या मानांकनाचे संघ खेळतात, सामने बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी बारा वाजता सुरू होतात, अनेक विद्यापीठांची वसंत सुट्टी त्याच आठवड्यात असल्याने विद्यार्थी फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावर असतात, आणि ज्या चाहत्याने चारशे मैल गाडी चालवली आहे त्याचा संघ पहिल्याच दिवशी हरला तर उरलेल्या सत्रांची तिकिटे खिशात ठेवून तो घरी परततो. कामावर असलेला माणूस दुपारी बारा वाजता बिअर मिळते म्हणून रजा टाकणार नाही. ज्याला दुपारी बिअरच प्यायची आहे, त्याला शहरातल्या कोणत्याही बारमध्ये ती निम्म्या किमतीत, चार पडद्यांवर चार सामने पाहत पिता येते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण बिअरचा खरा उपयोग आणि खरी जोखीम दोन्ही तिथे आहेत. कॉन्फरन्स स्पर्धेत तिकीट बहुधा सत्राचे असते. दुपारच्या सत्रात दोन सामने, मग अरिना पूर्ण रिकामी करून साफसफाई, आणि संध्याकाळच्या सत्रात पुन्हा दोन सामने. ज्या अरिनात आत बिअर मिळत नाही, तिथे संध्याकाळच्या सत्राचे प्रेक्षक दारे उघडण्याची वेळ झाली तरी आजूबाजूच्या बारमध्येच बसून राहतात आणि सामना सुरू होण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी सगळे एकदम गेटवर येतात. त्या वेळी बॅग तपासणीची रांग रस्त्यापर्यंत जाते, तिकिटाचा बारकोड वाचणारी यंत्रे अपुरी पडतात, सुरक्षारक्षकाला प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहायला दोन सेकंदही मिळत नाहीत, आणि जो मनुष्य खरे तर गेटवरच थांबवायला हवा होता तो गर्दीतून आत येतो. आत बिअर विकली जाऊ लागल्यावर ही गर्दी पसरते. लोक चाळीस-पन्नास मिनिटे आधी येतात, काहीतरी खातात, संघांचा सराव पाहतात. पहिल्या सामन्यानंतर ज्यांचा संघ खेळून झाला आहे त्यांतील काही जण दुसऱ्या सामन्याचा पूर्वार्ध तरी पाहतात. एकूण तिकिटे तेवढीच राहतात, परंतु सामना सुरू होताना खालच्या भागातील खुर्च्या अधिक भरलेल्या दिसतात. समितीला कदाचित हेच हवे असते आणि त्यालाच ते प्रेक्षकवाढ म्हणतात. तसे असेल तर अहवालात तसेच नेमके लिहा.

मद्यविक्रीने गैरवर्तन वाढते की कमी होते, यावर तुम्हाला दोन विरुद्ध उदाहरणे ऐकवली जातील, आणि दोन्ही खरी आहेत. दोन्ही अमेरिकन फुटबॉलची आहेत, तरी त्यांतला तर्क आपल्याला लागू पडतो. कोलोरॅडो विद्यापीठाने 1996 मध्ये आपल्या फॉल्सम फील्ड या स्टेडियममधील बिअरविक्री बंद केली आणि त्यानंतरच्या अभ्यासात अटका, मारामाऱ्या आणि स्टेडियममधून बाहेर काढण्याचे प्रसंग लक्षणीय प्रमाणात घटलेले दिसले. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने 2011 मध्ये उलट पाऊल उचलले. क्रीडासंचालक ऑलिव्हर लक यांच्या कारकिर्दीत तिथे सर्वांसाठी बिअरविक्री सुरू झाली आणि सामन्याच्या दिवशीचे मद्याशी संबंधित पोलिसी प्रसंग त्यानंतर कमी झाले. एकाने बंद करून सुधारणा मिळवली, दुसऱ्याने सुरू करून. हे कोडे सुटते ते वेस्ट व्हर्जिनियाने त्याच वेळी केलेल्या दुसऱ्या बदलामुळे. तिथे आधी प्रेक्षकांना मध्यंतरात बाहेर जाऊन परत येण्याची मुभा होती. लोक वाहनतळावर जात, पंधरा-वीस मिनिटांत जमेल तितकी कडक दारू पोटात ढकलत आणि उत्तरार्धासाठी परत येत. बिअरविक्री सुरू करताना विद्यापीठाने ही मुभा बंद केली. म्हणजे वाहनतळावरच्या बेहिशेबी, मोफत दारूची जागा आतल्या महागड्या, रांगेत उभे राहून मिळणाऱ्या आणि ओळखपत्र पाहून दिल्या जाणाऱ्या बिअरने घेतली. कोलोरॅडोत बंद झाली ती आतलीच बिअर होती.

म्हणून कोणत्याही अरिनासाठी मी पहिला प्रश्न हा विचारते, की आज तुमचे प्रेक्षक कुठे पितात. अरिना जर शहराच्या मध्यभागी, बारांच्या रांगेला लागून असेल, जशी नॅशव्हिलमधील ब्रिजस्टोन अरिना ब्रॉडवेच्या संगीत-बारांना खेटून आहे, तर पिणे आधीच जोरात चालू असते आणि आतली नियंत्रित विक्री त्यातला काही भाग आपल्याकडे ओढून घेते. अरिना जर कॅम्पसच्या एका टोकाला, वसतिगृहांच्या शेजारी असेल आणि प्रेक्षकांत मुलांना घेऊन येणारी कुटुंबे अधिक असतील, तर तुम्ही आजवर नसलेले पिणे नव्याने सुरू करत आहात. एकच प्रस्ताव या दोन इमारतींत दोन वेगळे परिणाम घडवतो. पुन्हा आत येण्याची मुभा बंद न करता आत बिअर सुरू करणे हा मात्र दोन्ही ठिकाणी सर्वांत वाईट पर्याय आहे, आणि दुर्दैवाने धूम्रपान करणाऱ्यांच्या सोयीसाठी तो वारंवार निवडला जातो.

कायद्याचा भाग राज्याराज्यांत बदलतो. आपल्याकडे मद्य हा राज्यसूचीतला विषय असल्याने गुजरात आणि गोवा यांच्यात जसे अंतर पडते, तसेच अमेरिकेत 1933 च्या एकविसाव्या घटनादुरुस्तीने मद्याचे नियमन राज्यांकडे सोपवलेले आहे. नॉर्थ कॅरोलायनात सरकारी विद्यापीठांच्या क्रीडागृहांत बिअर-वाइन विकण्याची वाट 2019 च्या कायद्याने मोकळी झाली, मिशिगनमध्ये तशीच तरतूद 2023 मध्ये झाली. स्पर्धा शहराच्या किंवा खासगी मालकीच्या अरिनात असेल तर परवाना बहुधा आधीच असतो आणि आजवर फक्त कॉन्फरन्सचा नियम आड येत असतो. स्पर्धा कॅम्पसवर असेल तर परवाना, विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचा ठराव आणि विमा या तिन्ही गोष्टी नव्याने उभ्या कराव्या लागतात. यांपैकी तुमची स्थिती कोणती, हे प्रश्नात लिहिलेले नाही, आणि अर्धे उत्तर त्यावर ठरते.

वयाची अट मात्र देशभर सारखी आहे. 1984 च्या संघराज्याच्या कायद्याने राज्यांना महामार्ग निधीच्या अटीवर किमान वय 21 करायला लावले, त्यामुळे कॉलेजच्या सामन्यातील ज्या विद्यार्थी-विभागात सर्वाधिक आवाज असतो, त्यातील बहुसंख्य मुले-मुली कायद्याने बिअर घेऊच शकत नाहीत. प्रस्तावातील "तरुण प्रेक्षक आकर्षित होतील" हे वाक्य या एका गोष्टीने निकालात निघते. आकर्षित व्हायचेच असतील तर ते पस्तीस ते साठ वयाचे माजी विद्यार्थी असतील, आणि ते येतात किंवा येत नाहीत ते संघ पाहून.

विक्रीचे नियम शून्यातून लिहू नका. साउथईस्टर्न कॉन्फरन्सने 2019 मध्ये आपली जुनी बंदी उठवताना सदस्य विद्यापीठांसाठी जी किमान चौकट ठरवली, ती चांगली सुरुवात आहे. त्यात फक्त बिअर आणि वाइन यांना परवानगी होती, विक्री ठरलेल्या स्थिर काउंटरवरच व्हायची, प्रेक्षकांच्या रांगांमधून फिरून विकण्यास मनाई होती, प्रत्येक खरेदीच्या वेळी ओळखपत्र तपासायचे होते, एका खरेदीतील पेयांच्या संख्येवर मर्यादा होती, आणि विक्री बंद करण्याची वेळ खेळानुसार ठरवून दिलेली होती. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये उत्तरार्धातील बारा मिनिटांच्या टीव्ही टाइमआउटला, म्हणजे सामन्याची साधारण बारा मिनिटे उरली असताना जाहिरातींसाठी खेळ थांबतो तेव्हा, तर महिलांच्या सामन्यात तिसऱ्या क्वार्टरच्या अखेरीस विक्री थांबायची. फिरती विक्री नसणे हे मला यातील सर्वांत उपयुक्त कलम वाटते. काउंटरवर उभा असलेला विक्रेता ग्राहकाला चालत येताना पाहतो आणि त्याचा तोल, डोळे, बोलणे यांवरून अंदाज बांधू शकतो. रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या विक्रेत्याकडून ग्लास सहा हातांमधून पुढे जातो आणि शेवटी तो कोणाच्या हातात पडतो हे कोणालाच ठाऊक नसते.

ही चौकट एका सामन्यासाठी लिहिलेली आहे आणि तुमच्या सत्रात दोन सामने आहेत, ही गोष्ट मात्र सुटू देऊ नका. सकाळी अकराला आत आलेला माणूस साडेचार वाजेपर्यंत तिथेच असू शकतो. पहिल्या सामन्याच्या उत्तरार्धात विक्री थांबवायची का, दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत ती पुन्हा सुरू करायची का, हे आधी लेखी ठरवलेले नसेल तर त्या दिवशी ते काउंटरवरचा सर्वांत नवखा कर्मचारी ठरवतो. माझी पद्धत अशी आहे, की पहिल्या सामन्यात आणि मधल्या वेळेत एका खरेदीला दोन पेये, दुसरा सामना सुरू झाल्यावर एकच, आणि दुसऱ्या सामन्याच्या उत्तरार्धातील बारा मिनिटांच्या टाइमआउटला सर्व काउंटर एकाच वेळी बंद. एखादा काउंटर पाच मिनिटे उशिरा बंद झाला तर सगळी रांग तिकडे धावते आणि दिवसभरातली सर्वांत मोठी बाचाबाची तिथेच होते.

पैशाचे गणित करताना बास्केटबॉल आणि फुटबॉल यांची गल्लत होते, तीही टाळा. फुटबॉलचा सामना साडेतीन तासांच्या आसपास चालतो आणि स्टेडियममध्ये पन्नास-साठ हजार माणसे असतात. पुरुषांच्या बास्केटबॉल सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन अर्ध, मोठी गर्दी फक्त मध्यंतरात, आणि माणसे काही हजार. पद्धत दाखवण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेते. समजा एका सत्राला 3,000 प्रेक्षक आहेत, त्यांतले 1,800 जण 21 वर्षांवरील आहेत, त्यांपैकी 600 जणांनी सरासरी दीड पेय घेतले आणि एका पेयाची किंमत 10 डॉलर आहे. एकूण विक्री 9,000 डॉलर झाली. कर वजा जाता 8,300 उरले असे धरा, आणि कंत्राटानुसार त्यातील 40 टक्के कॉन्फरन्सला मिळाले, तर 3,320 डॉलर हाती आले. ओळखपत्र तपासणी आणि सुरक्षा यांसाठी दहा जादा माणसे सहा तास, ताशी 25 डॉलरने, म्हणजे 1,500 डॉलर गेले. उरले 1,820 डॉलर, आणि त्यातून वाढीव विम्याचा हप्ता अजून द्यायचा आहे. याच सत्रात 15 डॉलरची 400 तिकिटे जास्त विकली गेली असती तर 6,000 डॉलर आले असते, आणि त्यासाठी जवळपास काहीच जादा खर्च नव्हता. तुमचे कंत्राट वेगळे असेल. कित्येक शहरी अरिनांमध्ये खाद्यपेयांचा सगळा वाटा मालकाकडेच जातो आणि कॉन्फरन्सला बिअरमधून एक पैसाही मिळत नाही. तो कागद पाहिल्याशिवाय उत्पन्नाचा आकडा लिहू नका.

विम्याचा उल्लेख सहज केलेला नाही. अनेक राज्यांत, दिसत असलेल्या नशेतल्या माणसाला दारू विकणाऱ्यावर पुढच्या अपघाताची जबाबदारी येऊ शकते. न्यू जर्सीतील जायंट्स स्टेडियममध्ये 1999 साली एका व्यावसायिक फुटबॉल सामन्यानंतर मद्यधुंद प्रेक्षकाच्या गाडीने झालेल्या अपघातात एक लहान मूल कायमचे अपंग झाले, आणि 2005 मध्ये ज्यूरीने मुख्यतः खाद्यपेय कंत्राटदाराविरुद्ध एकूण 13 कोटी 50 लाख डॉलरची भरपाई ठरवली. अपील न्यायालयाने पुढे तो निकाल रद्द केला आणि प्रकरण तडजोडीने मिटले, परंतु त्या खटल्याने एक गोष्ट या व्यवसायातल्या सर्वांच्या लक्षात आणून दिली, की एका खरेदीला दोनच पेये हा नियम फलकावर लिहिलेला असणे आणि तो काउंटरवर पाळला जाणे यांत अंतर पडले, तर तोच फलक तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. म्हणून विक्रेत्यांना नकार देण्याचे प्रशिक्षण, नकार दिल्याची नोंदवही आणि नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मागे उभा राहणारा पर्यवेक्षक या तीन गोष्टींची तरतूद प्रस्तावात नसेल, तर मी त्यावर सही करत नाही. बक्षिशीच्या आशेने काम करणारा विक्रेता नकार देत नाही, हे मानवी आहे; तेव्हा त्याचे वेतन विक्रीवर अवलंबून नसेल असे कंत्राट करावे.

तुमच्या अहवालाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग मोजणीचा आहे. अनेक ठिकाणी जाहीर होणारी उपस्थिती ही विकलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांची संख्या असते, प्रत्यक्ष आत आलेल्या माणसांची नसते. बिअरचा परिणाम तपासायचा असेल तर जाहीर आकडा निरुपयोगी आहे. तुम्हाला गेटवर वाचलेल्या तिकिटांची वेळेनुसार नोंद हवी. ती अरिनाच्या तिकीटप्रणालीत असतेच, फक्त मागावी लागते. मागील तीन-चार स्पर्धांची ही नोंद आताच मिळवून ठेवा, कारण विक्री सुरू झाल्यानंतर तुलना कशाशी करायची हा प्रश्न येईल आणि जुनी नोंद तोवर पुसली गेलेली असू शकते. त्यातून दर सत्रासाठी तीन आकडे काढा : सामना सुरू होण्याच्या तीस मिनिटे आधी किती माणसे आत होती, सामना सुरू होताना किती होती, आणि दुसऱ्या सामन्याच्या मध्यंतराला खालच्या भागातील किती खुर्च्या भरलेल्या होत्या. तिसरा आकडा यंत्र देत नाही. त्यासाठी वरच्या कोपऱ्यातून छायाचित्रे काढून माणसाने मोजावे लागते. कंटाळवाणे काम आहे, पण इंटर्नकडे ते सोपवता येते, आणि तुम्ही इंटर्नच आहात.

तुलना करताना वर्षाची वर्षाशी सरसकट तुलना करू नका. ज्या वर्षी यजमान शहराजवळचा संघ चांगला खेळतो त्या वर्षी गर्दी वाढते, आणि योगायोगाने तेच बिअरचे पहिले वर्ष असले तर सगळे श्रेय बिअरला जाते. त्यामुळे सत्रामागे सत्र अशी तुलना करा, त्यात संघांचे मानांकन, कॅम्पसपासून अरिनाचे अंतर, वार, वेळ आणि कोणत्या विद्यापीठांना सुट्टी होती हे स्तंभ ठेवा. तुमच्यापाशी असलेल्या सत्रांची संख्या इतकी कमी असेल, की संख्याशास्त्रीय निष्कर्षाचा आव आणता येणार नाही. वेळेनुसार आत येण्याची आलेखातली रेषा मात्र एका वर्षातही स्पष्टपणे डावीकडे, म्हणजे लवकरच्या वेळेकडे, सरकलेली दिसेल, आणि तिच्यावर बोट ठेवून तुम्ही समितीशी बोलू शकाल.

पहिल्या दोन दिवसांच्या रिकाम्या खुर्च्यांसाठी, तुम्ही विचारले नसले तरी, मी आधी काय करून पाहीन हेही सांगते. संपूर्ण स्पर्धेच्या तिकीटसंचाची सक्ती काढून पहिल्या दोन दिवसांची एकेका सत्राची स्वस्त तिकिटे वेगळी विकावीत. हरलेल्या संघाच्या चाहत्यांना उरलेल्या सत्रांची तिकिटे अधिकृतपणे, त्याच संध्याकाळी, स्थानिकांना विकता येतील अशी सोय करावी. दुपारच्या सत्रासाठी जिल्ह्यातील शाळांना बसने आणावे. दुपारी बारा वाजता मोकळा असणारा आणि आवाज करणारा प्रेक्षकवर्ग दुसरा नाही. शाळेची मुले आणायची असतील तर त्या सत्रात बिअरचे काउंटर वरच्या मजल्यावरच्या एका बाजूपुरते ठेवावेत आणि खालचा एक पूर्ण विभाग मद्यमुक्त जाहीर करावा. या दोन योजना एकमेकींच्या आड येतात, आणि निवड करावीच लागली तर दुपारी मी मुलांना निवडीन, संध्याकाळी बिअरला.

अहवालात प्रत्यक्ष काय लिहावे, तर तिकीट उत्पन्नाच्या ओळीत बिअरविक्रीमुळे होणारी वाढ शून्य धरा. बिअरचे निव्वळ उत्पन्न कंत्राटातील टक्केवारी आणि जादा मनुष्यबळाचा खर्च दाखवून खाद्यपेयांच्या ओळीत लिहा. लवकर प्रवेश आणि दुसऱ्या सामन्यासाठी थांबणे यांचे उद्दिष्ट स्वतंत्र परिच्छेदात, वर सांगितलेल्या तीन मोजमापांसह नोंदवा, आणि पुन्हा आत येण्याची मुभा बंद करण्याची अट त्याच परिच्छेदात घाला, म्हणजे पुढे कोणी बिअर ठेवून ती अट वगळू शकणार नाही. अरिना कॅम्पसवर आहे की शहरात, आणि खाद्यपेयांचे कंत्राट कोणाच्या नावावर आहे, एवढे कळवलेत तर परवान्याच्या अर्जाला साधारण कोणत्या महिन्यात हात घालावा लागेल हेही सांगता येईल.